धुरपदाबाईचा चेहरा

"पदर वर करा, अक्का," मयुरीनं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि धुरपदाबाईनं पदर आणखी वीतभर खाली ओढला.

सोनगीरच्या त्या सेवा केंद्रात दोन खुर्च्या, एक स्टूल आणि फोटोसाठी ताणलेला पांढरा पडदा. एका खुर्चीत केंद्र चालवणारी मयुरी, समोर स्टुलावर धुरपदाबाई. आणि दुसऱ्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन, धुरपदाबाईचे जेठ धनसिंग आबा. सगळी अडचण या दुसऱ्या खुर्चीची होती. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, ही त्या घरची रीत. चाळीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, पण रीत म्हणजे रीत. सरकारला मात्र चेहराच हवा होता. बोटांचे ठसे निंदणी-वेचणीत केव्हाच झिजलेले, मशीन त्यांना ओळखच देईना.

आज शेवटची तारीख. मोबाइलपुढे तोंड धरून, पापण्या मिटून-उघडून आपण जिवंत असल्याचं दाखवायचं. नाही दाखवलं तर विधवेचं अनुदान बंद. धुरपदाबाईचा जीव त्या अनुदानात अडकला होता. पैसा फार होता असं नाही. पण चष्मा म्हणा, औषध म्हणा, माहेरचं तिकीट म्हणा, ती कुणापुढे हात पसरत नव्हती. ते बंद झालं की मागायचं जेठाकडे. आणि ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याच्याकडे मागायचं कसं, कपाळ?

"त्यासले सांग माय, जराखं भाईर जा म्हना," ती पदराआडून मयुरीला म्हणाली. आबा हातभर अंतरावर होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"मी आठेच बसस," आबांनीही मयुरीलाच सांगितलं. "ओटीपी मना फोनवर येस. आनि फोन कोनले देवाना नही, ओटीपी कोनले सांगाना नही. बँकना सायेबनी सांगेल शे."

घ्या! अख्ख्या घराच्या आधारला आबांचाच नंबर. माणूस वाईट नव्हता हो. धाकटा भाऊ गेल्यापासून भावजयीची कागदपत्रं ते तळहातावरच्या फोडासारखी जपत होते. पण एकदा साहेबानं सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलेलं, आता साक्षात साहेब आला तरी निघणार नव्हतं.

मयुरीही काही कच्ची नव्हती. "नका सांगू, आबा. तुमच्या हातानं टाका. आणि मग तोंड भिंतीकडे करून बसा."

हे आबांना पटलं. त्यांनी एकेक आकडा दाबला, खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावली. धुरपदाबाईनं दोनदा खात्री करून घेतली, मग पदर वर केला. पापण्या मिटल्या, उघडल्या. मोबाइलवर हिरवी खूण आली आणि पदर झटकन खाली आला.

"व्हयनं ना माय?"

"एक मिनिट, अक्का." मयुरीची एक सवय होती. घरच्या माणसाला फोटो दाखवून विचारल्याशिवाय ती शेवटचं बटण दाबत नसे. मागे एकाच घरातल्या दोन जावांचे अर्ज एकमेकींच्या नावावर गेले होते. ते निस्तरताना तिच्या नाकी नऊ आले होते. तिनं स्क्रीन आबांकडे वळवली. "बघून घ्या, आबा. आपल्या अक्काच ना या?"

आबांनी खुर्ची परत फिरवली, चष्मा लावला. काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"अहो आबा, घरातलं माणूस ओळखायला एवढा वेळ?" मयुरीला हसू फुटलं.

"फोटूमा पाय दखाड," आबा हळूच म्हणाले. "पायवरथून लगेच सांगस. तोंड... तोंड मी कधी देखंच नही."

मयुरीचं हसू जागीच जिरलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ सरकत होती. संपली की सगळं पहिल्यापासून, आणि साइट आज पुन्हा उघडेल याचा काही भरवसा नाही. तिनं गुपचूप बटण दाबलं असतं तरी कुणी जाब विचारणार नव्हतं. पण बोट काही पुढे जाईना.

तेवढ्यात स्टूल करकरलं. धुरपदाबाई उठली, आबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर मागं टाकला.

"मीच शे, आबा. देखी ल्या."

आबांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यात अजून लग्नाच्या बैलगाडीतून उतरलेली, पदरात गुरफटलेली चिमुकली पोर होती, आणि समोर पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली, थेट त्यांच्या डोळ्यांत बघणारी एक बाई उभी होती. आबांना भडभडून आलं. कुठलं दुःख ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी डोळे पुसले, पण नजर काढून घेतली नाही, आणि तिनंही पदर परत ओढला नाही.

"दाब बटन," ते मयुरीला म्हणाले.

"नक्की ना? फोटो एकदा जुळवून तरी बघा, आबा."

आबांनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ती सोता सांगी ऱ्हायनी. मी कोन सांगनारा?"