मागच्या खोलीतलं वायफाय

शेळगावच्या घरात वायफाय पुढच्या खोलीपुरतंच मिळायचं आणि अंथरुणाला खिळलेली आई मागच्या खोलीत असायची. नोकरीसाठी उद्या कॅनडाला निघणाऱ्या अश्लेषानं पुण्याच्या खोलीवरचा आपला जुना राऊटर आणला होता. राऊटरच्या कंपनीनं दिलेल्या सॉफ्टवेअरवर तो दुसऱ्या राऊटरचा सिग्नल पुढं पाठवत नव्हता, म्हणून ती त्यात ओपन-सोर्स फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं कुणालाही फुकट मिळणारं दुसरं सॉफ्टवेअर, भरू लागली. “मधीच लाईट गेली तर?” वडिलांनी विचारलं. “मग हा कायमचा गेला, आबा.” दोघं राऊटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं बघत बसले. दिवा स्थिरावला. अश्लेषानं राऊटर मागच्या खोलीच्या दारापाशी लावला. आबांनी मोबाइल आईपुढं धरला आणि अश्लेषानं अंगणातून व्हिडिओ कॉल लावला. “आई, दिसते का गं मी?” आईनं पडद्यावरच्या गालावरून हात फिरवला. “दिसतीस की. पर लांबनं कशाला बोलतीस? हितं ये की.” फोन तसाच चालू ठेवून अश्लेषा आत धावली. आज तरी तिला जाता येत होतं.