टेबल वाजवू नये

औरंगपुऱ्यातल्या व्यंकटरावांच्या हॉटेलात ढोलकीवाले सांडूमामा रोज सकाळी खिडकीजवळ बसायचे. कॉफी येईपर्यंत त्यांची बोटं टेबलावर अशी नाचायची, की ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा. पुढं कॉलेजची पोरंही टेबलं बडवायला लागली, म्हणून व्यंकटरावांनी वैतागून पाटी लावली: ‘टेबल वाजवू नये.’ पोरांनी तिला जुमानलं नाही. मामा मात्र तेव्हापासून हात मांडीवर ठेवून कॉफीची वाट बघू लागले. ‘वय झालं,’ असं व्यंकटरावांना वाटलं. विचारायचं राहूनच गेलं. मामांच्या दहाव्यानंतर ते घरी भेटायला गेले, तेव्हा भागूमामी म्हणाल्या, “हॉटेलातनं आले की पाटावर वाजवीत बसायचे. म्हणायचे, व्यंकटरावाला माझा लई तरास झाला असंल, पण तोंडावर बोलला नाय बिचारा.” परतल्यावर पाटी उतरवून व्यंकटराव टेबलं बडवणाऱ्या पोरांना म्हणाले, “वाजवा रे, वाजवा.” पोरांनी बावरून हात मांडीवर घेतले.