वरची रेघ

मनोरमाबाईंनी हिब्रू अक्षरांच्या डोक्यावर चौथ्यांदा लांबलचक रेघ ओढली आणि सात वर्षांच्या स्पृहाने जोरजोरात नकाराची मान हलवत पेन्सिल टेबलावर आपटली.

“नाइन, आजी! नाइन!”

“म्हणजे काय गं?” मनोरमाबाईंनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. “मला नाही बाई जर्मन येत.”

पोळ्या लाटता लाटता मीनलने कपाळाला हात लावला. कपाळ पिठाने माखलं. सासूबाई साताऱ्याहून न्युरेम्बर्गला आल्या, त्याला दहा दिवस झाले होते. नातीच्या तोंडून चार शब्द मराठी ऐकायचे, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या आणि पाच आठवड्यांनी परत जाणार होत्या. स्पृहाला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. त्यात आईबापांनी तिला घातलं होतं हिब्रू शाळेत.

तशी ती निवड फार विचार करून झालेली नव्हती. शाळा घरापासून सात मिनिटांवर. मुलांना साडेचारपर्यंत ठेवून घ्यायची, दुपारी गरम जेवण द्यायची, ज्यू नसलेल्यांनाही प्रवेश होता. दोघंही नोकरी करणाऱ्या मीनल-उत्कर्षला आणखी काय हवं होतं? मेख नंतर कळली. शाळेने घरी ठेवायला वाचनाचं एक पुस्तक दिलं होतं. त्यातलं रोज पंधरा मिनिटं घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवायचं आणि त्या मोठ्या माणसाने वहीत सही करायची. उत्कर्ष इमानेइतबारे ऐकायचा आणि ‘सुपर!’ म्हणून सही ठोकायचा. एकदा स्पृहा पुस्तक उलटं धरून मनाला येईल ते बडबडली. तेव्हाही तो ‘सुपर!’च म्हणाला.

हे पाहून सासूबाईंचा संताप झाला. “उद्यापासून सही मी करणार,” त्या म्हणाल्या. “पण मला कळल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. स्पृहा, आधी मला शिकव.”

मीनलला हायसं वाटलं. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. चार दिवसांत शिकतील, असं ती धरून चालली होती.

कसलं काय! सासूबाई रोज पुस्तक नेमकं चुकीच्या बाजूने उघडायच्या. बेत आणि काफ ही दोन अक्षरं त्यांना एकसारखीच दिसायची. अक्षराखालच्या ठिपक्यांकडे बोट दाखवून त्या विचारायच्या, “हे अनुस्वार खाली कसे गं पडले?” आणि एक ओळ लिहून झाली की देवनागरीची सवय उसळी मारायची. सर्रकन वर रेघ. दोन आठवडे झाले तरी गाडी तिसऱ्या अक्षरापुढे सरकेना.

“आईंना विसरायला होतंय का रे?” ट्राममध्ये मीनलने हळूच विचारलं. “डॉक्टरांना दाखवू या?”

“अगं, हिब्रू येत नाही याच्यावर डॉक्टर काय औषध देणार?” उत्कर्ष हसला. पण पुढचे तीन स्टॉप तो फोनवर डॉक्टरांचे नंबर शोधत होता.

स्पृहाने सगळे उपाय केले. जर्मन सावकाश बोलून पाहिलं. जर्मन ओरडून पाहिलं. खाणाखुणा केल्या. मनोरमाबाई आपल्या शांतपणे “काय म्हणालीस, बाळ?” विचारायच्या आणि रेघ ओढायच्या. शेवटी एका संध्याकाळी पोरीचा बांध फुटला.

“आजी! वर रेघ नको! किती वेळा सांगायचं तुला?”

मीनलच्या हातातलं लाटणं थांबलं.

“लक्ष कुठे आहे तुझं? सरळ बस. झाल्याशिवाय उठायचं नाही, सांगून ठेवते!”

हा सूर मीनलच्या चांगलाच ओळखीचा होता. तिचाच होता तो. मराठी म्हणून पोरीच्या कानावर घरात जे पडलं, ते सगळं दटावणंच होतं. मीनलला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता स्पृहाबाईंचा मराठी तास भरू लागला. शब्द कमी पडले की ती आईला विचारायला स्वयंपाकघरात धावत यायची. ‘उजवीकडून’, ‘ठिपका’, ‘नीट बघ’, ‘शाबास’. आजीची प्रगती शून्य होती. पण आठवड्याभरात मास्तरीणबाई मवाळ झाल्या. “वाईट वाटून घेऊ नको हं, आजी,” मनोरमाबाईंच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. “माझं पण आधी चुकायचं. जमेल तुला.” मीनलने कांदा चिरायला घेतला. डोळ्यांना काहीतरी कारण हवं होतं.

जायचा दिवस उजाडला. सासूबाईंची बॅग भरताना मीनलच्या हाताला साड्यांखाली एक शंभर पानी वही लागली. तिने उघडली. पहिल्या पानावर सासूबाई आल्या त्या पहिल्याच आठवड्यातली तारीख होती. पुढे पान न् पान हिब्रू, उजवीकडून डावीकडे, मोत्यासारखं. वाचनाच्या पुस्तकातले सगळे धडे होते. स्पृहाच्या वर्गात अजून न झालेले शेवटचे तीनसुद्धा. एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नव्हती.

“आई, हे... तुम्ही?”

“हुशार मुलापुढे मास्तरला फार बोलावं लागत नाही गं,” मनोरमाबाई पदर नीट करत म्हणाल्या. “ढ मुलापुढे घसा कोरडा पडेपर्यंत बोलावं लागतं.”

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “आजी, स्काइपवर रोज पाच वाजता बसायचं! उशीर केलेला मला चालणार नाही!”

मनोरमाबाईंनी मीनलच्या हातातली वही घेतली आणि पुन्हा साड्यांच्या तळाशी सरकवली.

“तिला सांगू नकोस हं. मला अजून दोन-तीन वर्षं तरी नापास व्हायचंय.”