वरची वीण

शवपेटी शुक्रवारी सकाळी हवी होती आणि बुधवारी दुपारीच विल्फ स्टकीचे हात आखडले. तळ विणून झाला होता, बाजू वीतभर उठल्या होत्या. पण विलोच्या झुडपाचा ओला फोक वाकवायला गेलं की सत्त्याऐंशी वर्षांचा अंगठा हलेना.

पेटी अर्नी पॉफमसाठी होती. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या या पाणथळीत अर्नीनं जन्मभर विलो कापला आणि विल्फनं त्याच्या टोपल्या विणल्या. मग प्लास्टिक आलं. विलोचे मळे उपटून लोकांनी तिथं गाई सोडल्या. "मला लाकडात घालू नका," एवढंच अर्नी शेवटी म्हणाला होता.

बेरिल चहा घेऊन शेडमध्ये आली. ही विल्फची मुलगी, एकसष्ट वर्षांची. बुटांच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेली.

"बस जरा," तो म्हणाला. "मी सांगतो, तू वीण."

"मी? बायकांनी साल सोलायची, विणायचं पुरुषांनी. कोण म्हणालं होतं? चौदा वर्षांची होते मी, बाबा. इथंच उभी राहून रडले होते."

"तेव्हा सगळेच तसं म्हणायचे."

"मी सगळ्यांना नव्हतं विचारलं."

चहा निवला. शेवटी बेरिलनं बाह्या मागे सारल्या आणि ती त्याच्या विणायच्या फळीवर बसली.

"सांगा. पण ओरडायचं नाही."

पहिल्या तीन ओळी त्यानं उसवायला लावल्या. चौथीला काही बोलला नाही. दहावीनंतर त्यानं सांगणंच सोडलं, नुसता बघत राहिला. गुरुवारी संध्याकाळी झाकणाची कड बांधून झाली तेव्हा तिच्या बोटांवर सात चिकटपट्ट्या होत्या.

"तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला.

"हं," म्हणून ती खाली पडलेले तुकडे झाडायला लागली.

शुक्रवारी चर्चच्या दारात अर्नीची बायको एडिथ पेटीवरून हात फिरवत होती.

"विल्फ, ही वरची वीण बघ की, काय घट्ट बसलीय! तरुणपणी तुझी असायची, अगदी तशी."

"ती माझी नाही," विल्फ म्हणाला.

त्यानं विणीवर हात ठेवला. खांदा देणाऱ्यांनी दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, तरी तो हात तिथून निघेना.