रद्दीवरची सही

पाहुण्यांनी कृष्णेच्या घाटाच्या चित्राकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "हात चांगला आहे," ते म्हणाले. नाथाजी काय समजायचं ते समजला: चित्र निवडलं जाणार नव्हतं.

सांगलीच्या त्या छापखान्यात तो बावीस वर्षं लेबलं काढत होता. हळदीच्या पुड्यावरची लक्ष्मी त्याची, बिडीच्या बंडलावरचा पैलवान त्याचा. खाली नाव मात्र व्यापाऱ्याचं. पाहुणे मुंबईच्या प्रदर्शनासाठी गावोगावची चित्रं निवडत फिरत होते. त्यांच्यासाठी नाथाजीने वर्षभर रविवारी बसून तो घाट रंगवला होता. एकदा तरी चित्राखाली आपलं नाव लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

निघता निघता पाहुणे यंत्रापाशी थबकले. नवं काम चढवलं की शाई नीट बसेपर्यंत तेच रद्दी कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून काढतात. एकेका कागदावर पाच-पाच लेबलं चढतात. पाहुण्यांनी ढिगातला एक कागद उचलून उजेडात धरला. लक्ष्मी, पैलवान, कंदील, पुन्हा लक्ष्मी. कुणी उभं, कुणी आडवं.

"हे कुणी केलं?"

"कुणी न्हाई, साहेब," नाथाजी म्हणाला. "रद्दी हाय ती."

"रद्दी अशी पडत नाही. एवढी गर्दी आहे, पण एकही चेहरा झाकलेला नाही. मला हे हवं. खाली सही करा."

नाथाजीने पेन्सिल घेतली. लक्ष्मी त्याची, पैलवानही त्याचा. त्यात खोटं काय होतं? तरी त्याला राहवेना. यंत्राला कागद लावणाऱ्या साळूबाईला त्याने विचारलं, "साळूबाई, हे कागद तू फिरवून लावतीस व्हय?"

"मग? लक्षुमीच्या तोंडावर बिडी कशी छापायची? तोंड दिसलं की कागद फिरवती मी. पैलवान बी कुनाचा तरी ल्योकच की."

पेन्सिल थोडा वेळ कागदावर नुसतीच टेकून राहिली. मग नाथाजीने सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं: साळूबाई ज्ञानू खरात.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

"तुझं नाव."

साळूबाईचा चेहरा उतरला. शाईचे हात लुगड्याला पुसत ती जवळ आली.

"मालकांस्नी दावू नगा, दादा," ती हळूच म्हणाली. "पुन्यांदा न्हाई फिरवायची मी कागद."