स्वयंपाकघराएवढी जागा

नवऱ्याने भंगारात काढलेला लॅपटॉप आज चालला, तर सोमवारपासून तिची घरून करायची नोकरी सुरू. नाही चालला, तर ती जागा दुसऱ्या कुणाला. जुनी सिस्टीम पुसून नवी टाकायची होती आणि पेनड्राइव्ह लावायच्या दोन्ही जागा मोडलेल्या.

"मग नवी आत शिरणार कुठून?" सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"ती आतच आहे, आई. डिस्कचा एक कोपरा वेगळा काढला, त्यात ठेवली. आता लॅपटॉप त्या कोपऱ्यातून सुरू करायचा आणि बाकीचं सगळं पुसायचं."

"म्हणजे आपल्या घरासारखंच की. आम्ही सगळे स्वयंपाकघरात राहिलो आणि उरलेलं पाडून नवं बांधलं. दिवसभर गवंड्यांच्या डोक्यावर मीच उभी."

तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली:

लॅपटॉप पुन्हा सुरू होत आहे.

"काळं झालं गं सगळं."

"होऊ दे."

लॅपटॉप पुन्हा सुरू होत आहे.

"परत काळं झालं."

"आई, हात सोडा माझा, दुखतोय."

पडदा उजळला. दोघी एकदमच उठून उभ्या राहिल्या. नव्या सिस्टीमने पहिला प्रश्न विचारला: हा लॅपटॉप कोणाच्या नावे करायचा? तिने सवयीने नवऱ्याचं नाव लिहिलं.

"खोड ते," सासूबाई म्हणाल्या. "घर मी बांधून घेतलं आणि दारावर पाटी ह्यांच्या नावाची लागली. तुला निदान विचारतायत तरी."