व्याह्यांची चिली

आमच्या उल्काचे सासरे टेक्सासहून पहिल्यांदाच पुण्यात जेवायला येणार होते. त्यांना परकं वाटू नये म्हणून मी त्यांच्याकडचा तिखट रस्सा, म्हणजे चिली, करायचं ठरवलं. उल्काने फोनवर बजावलं, "आई, अस्सल चिली म्हणजे फक्त मांस आणि सुक्या मिरच्या. त्यात राजमा दिसला, तर माझे सासरे भरल्या ताटावरून उठतात."

मांसाचा प्रश्न आमच्या घरात येतच नव्हता. मी कांदा-लसूण चिरायला घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "चातुर्मास पाहुण्यांना नसेल, माझ्या पातेल्याला आहे." मग मंडईतून आणलेल्या मिरच्या तेवढ्या उकळत्या पाण्यात टाकल्या. तोच आमचे हे आत आले आणि डावाने एकेक मिरची बाहेर काढत म्हणाले, "अगं, माझ्या पित्ताचा तरी विचार कर!"

पातेल्यात जिरं, मीठ आणि पाणी उरलं. तरीही मी ते दुपारभर मंद आचेवर शिजवलं, कारण कृतीत तसं लिहिलं होतं.

संध्याकाळी व्याह्यांनी वाटीत चमचा घातला, तळापर्यंत ढवळून पाहिलं, एक घोट घेतला आणि ते भरल्या ताटावरून उठले. त्यांनी थेट येऊन माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते.


"बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला राजमा न घातलेली चिली वाढली!"